नंतर म्हणजे केव्हा?

स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात बोलणं होतं ते पैशाचं, रजेचं, रात्री दवाखान्यात कोण झोपणार याचं. काढलेल्या स्तनाच्या जागी पुन्हा स्तन उभा करायचा का, आणि करायचा तर त्याच दिवशी त्याच टेबलावर, की सगळे उपचार आटोपल्यावर, हा विषय बहुतेक घरांत निघतच नाही. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्यानं झाल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यातल्या कितीजणींना हे कुणी विचारलं असेल?

आमच्याकडे विषय निघाला, कारण घरात दोन माणसं त्यातली आहेत. मावशी मिरजेच्या एका रुग्णालयात कर्करोगाच्या वॉर्डात सिस्टर होती, आता निवृत्त आहे. मीनल तिची भाची, माझी मावसबहीण, पुण्यात प्लास्टिक सर्जन आहे. आणि पेशंट म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी. वय ४४, हायस्कूलला गणित शिकवतात. डाव्या स्तनात दोन टोकांना दोन गाठी, त्यामुळे नुसती गाठ काढून स्तन वाचवायचा मार्ग बंद. काखेतल्या एका गाठीतही सुईच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी निघाल्या होत्या. ही काखेतली गाठ लक्षात असू द्या, पुढचं बरंचसं भांडण तिच्यावरून आहे.

मीनल: मी सरळच सांगते. ज्या दिवशी काढतील त्याच दिवशी नवा करायचा. आतला भाग सगळा काढायचा, वरची कातडी जमेल तेवढी ठेवायची. ती कातडी आणि स्तनाखालची ती घडी, आकार म्हणजे तेवढंच असतं गं. एकदा ते कापून छाती सपाट शिवली की वर्षानं मला पोटावरची कातडी आणून तिथं बसवावी लागते. रंग वेगळा पडतो, शिवण सगळ्या बाजूंनी दिसते.

मावशी: तू शिवणीचं बोलतेस, मी जखमेचं बोलते. आमच्याकडे एक बाई होत्या. पोटाचं मांस वर आणून लगेच स्तन केलेला, सात-आठ तासांचं ऑपरेशन. पहिली रात्र मी दर तासाला त्या फ्लॅपवर, म्हणजे वर आणलेल्या मांसावर, बोट दाबून बघत होते, रंग परत येतोय का, हाताला गरम लागतंय का. तिसऱ्या दिवशी कड जांभळी झाली, मग काळी. आणि उशीखाली काय निघालं? मिश्रीची डबी. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘तंबाखू खाता का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही.’ खोटं नव्हतं ते. त्या खात नव्हत्या, दात घासत होत्या.

मीनल: म्हणून मी एकेक नाव घेऊन विचारते. तंबाखू, मिश्री, तपकीर, सगळं. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि फ्लॅप तर त्यांच्याच जिवावर जगतो. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे बंद. बंद होणार नसेल तर मी लगेच करत नाही.

मावशी: ते तू करतेस. पण त्या बाईंची जखम चिघळली, परत आत घ्यावं लागलं, आणि महिन्याभरात सुरू व्हायची ती केमो लांबली. अगं, त्यांचा जीव केमोवर होता, त्या फ्लॅपवर नव्हता.

मीनल: लांबली म्हणजे किती? कॅलिफोर्नियातल्या कर्करोगाच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास आला. ऑपरेशननंतर केमो ९० दिवसांच्या पलीकडे गेली तर जगण्याचं प्रमाण खाली येतं. त्याच्या आत थोडं पुढे-मागे झालं तर तसा फरक दिसला नाही. जखम बिघडली तरी आपल्या हातात वेळ असतो.

मावशी: शहरात असतो. आमची पेशंट जतवरून एसटीनं यायची. एक ड्रेसिंग चुकलं की पंधरा दिवस गेले, दोन चुकली की महिना. तुझे ९० दिवस एसटीच्या वेळापत्रकावर मोजून बघ.

(मीनल इथं पहिल्यांदा गप्प झाली. अंतर हा पुनर्रचनेच्या निर्णयातला वैद्यकीय मुद्दा आहे, पण केसपेपरवर त्यासाठी रकाना नसतो.)

मीनल: मला एक सांग, तुझ्या मनात अजून तो जुना हिशोब तर नाही ना? वरून काही झाकलं तर खाली आजार परत आलेला कळणार नाही, हा?

मावशी: होता. आमच्या सरांनी तसंच शिकवलं होतं.

मीनल: सरांना त्यांच्या सरांनी. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेडनी १८८२ पासून स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकसंध काढायला सुरुवात केली. ती पद्धत पाऊणशे-ऐंशी वर्षं जगभर चालली. जितकं जास्त काढाल तितकं बरं, आणि काढलेली जागा उघडी राहू दे, म्हणजे नजर ठेवता येते. पुढं अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी चाचण्या केल्या. २००२ मध्ये दोघांचेही २० वर्षांचे निकाल छापून आले: लहान गाठ असेल तर स्तन वाचवला काय आणि काढला काय, जगण्यात फरक नाही. आणि स्तन काढल्यावर आजार त्याच जागी परत आलाच, तर तो बहुतेक वेळा कातडीत किंवा कातडीला लागून येतो. नवा स्तन असला तरी हाताला लागतो.

मावशी: बरं, ते सोडलं. आता मनाचं सांग. लगेच केलं तर बाई जास्त सुखी राहते, हे कशावरून?

इथून पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला, कारण दोघींनी एकाच आकड्यांवरून उलटसुलट निष्कर्ष काढले आणि दोघींचंही चुकत नव्हतं.

मीनल: १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी आली होती. ६४ बायका. काहींना लगेच पुनर्रचना, बाकीच्यांना वर्षानं करू असं सांगितलेलं. तीन महिन्यांनी बघितलं तर लगेच केलेल्यांमध्ये मानसिक त्रास कमी होता.

मावशी: चौसष्ट? बस?

मीनल: बस. चिठ्ठी टाकून गट पाडलेली तेवढी एकच चाचणी सापडली, असं २०११ च्या कोक्रेन आढाव्यात आहे. अगं, कुठली बाई म्हणेल, टाका नाणं, छापा आला तर लगेच करा?

मावशी: मग मोठा अभ्यास कुठला?

मीनल: अमेरिका आणि कॅनडातल्या ११ केंद्रांचा. तो ब्रेस्ट-क्यू या प्रश्नावलीवर आहे. ही प्रश्नावली २००९ पासून वापरात आहे. कपडे अंगावर कसे बसतात, चारचौघांत वावरताना कसं वाटतं, छाती-खांदा दुखतो का, नवरा-बायकोचे संबंध कसे आहेत, अशी उत्तरं घेऊन ० ते १०० गुण. पुनर्रचनेनंतर दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा लगेच केलेल्या आणि नंतर केलेल्या, दोघींच्या समाधानात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

मावशी: आणि जखमा, इन्फेक्शन?

मीनल: (थोडं थांबून) लगेच केलेल्यांत जास्त.

मावशी: झालं की मग! दोन वर्षांनी दोघी सारख्याच सुखी, आणि एकीला त्रास कमी. घाई कशाची?

मीनल: मधे थांबण्यात गेली ती वर्षं कुठं गेली, मावशी? चाळिशीतल्या बाईची वर्षं. लग्नाला जायचं टाळलं, रेल्वेत झोपताना उशी छातीशी धरली, नवऱ्यासमोर दिवा मालवून कपडे बदलले. शेवटच्या दिवशी दोघींना सारखे गुण मिळाले म्हणून मधलं सगळं वजा होत नाही. आणि दुसरं. जिनं नंतर करून घेतलं, ती सपाट छातीशी तुलना करून गुण देते, म्हणून खूश असते. जिनं लगेच केलं, ती स्वतःच्या जुन्या स्तनाशी तुलना करते.

मावशी: हे मात्र खरं. आमच्या वॉर्डात नंतर करून घेतलेल्या बाया डॉक्टरांच्या पाया पडायच्या. लगेच केलेल्या विचारायच्या, ‘हे असं घट्ट का लागतंय?’

मीनल: आणि तिसरी, जी ‘नंतर करू’ म्हणून गेली आणि परत आलीच नाही, तिला त्या अभ्यासात कुणी मोजलं?

यावर मावशीनं जे सांगितलं ते तिच्या बाजूच्या विरुद्ध जाणारं होतं, तरी तिनं सांगितलं. तिच्या वॉर्डातून ‘नंतर बघू’ म्हणून घरी गेलेल्यांपैकी बहुतेकजणी परत आल्या नाहीत. आजार बरा झाला होता, पण मुलीचं लग्न होतं, सासू आजारी होती, कर्ज होतं, आणि आता धडधाकट दिसणाऱ्या बाईनं आपणहून ऑपरेशन करून घ्यायचं म्हटलं तर घरातले विचारायचे, कशाला? आजारपणात बाईला जी सवलत मिळते ती बरं वाटलं की संपते. मीनलचा लगेच करण्याचा आग्रह मला तोपर्यंत सर्जनच्या हौसेसारखा वाटत होता. त्याच्यामागं ही गोष्ट होती.

मावशी: पण पोरी, वहिनींच्या काखेत गाठ आहे. शेक लागणार, रेडिएशनचा.

मीनल: लागण्याची शक्यता मोठी आहे. ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये चार किंवा जास्त गाठींत आजार निघाला तर लागणारच. एक ते तीन असतील तरी हल्ली बऱ्याचदा देतात.

मावशी: आणि शेकानं तुझ्या सिलिकॉनचं काय होतं ते सांग त्यांना.

मीनल: शरीर इम्प्लांटभोवती एक पातळ वेष्टण तयार करतं, कुणाच्याही शरीरात. रेडिएशननंतर ते जाड होतं, आवळतं. स्तन कडक होतो, वर ओढला जातो, दुखतो. काहींचा इम्प्लांट काढावा लागतो. पोटाच्या मांसाचा केला असेल तर तोही आक्रसतो, पण कमी.

मावशी: म्हणजे आज सुंदर करायचं आणि चार महिन्यांनी आपणच भाजायचं.

मीनल: म्हणून मधला मार्ग आहे. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन सेंटरनं वीसेक वर्षांपूर्वी तो पुढे आणला. स्तन काढताना कातडी ठेवायची आणि खाली एक्सपांडर ठेवायचा, म्हणजे सुईनं सलाइन भरता येतं असा फुगा. आठवड्यानं रिपोर्ट येतो. शेक नको असं ठरलं तर लगेच पुढचं काम. शेक लागणार असेल तर फुग्यातलं पाणी कमी करायचं, शेक संपू द्यायचा, मग काही महिन्यांनी पोटाचं मांस आणायचं. कातडी वाचते.

मावशी: फुगाही पिकतो. त्याला ताप आला की केमो परत थांबते. शिवाय दोन ऑपरेशनं.

मीनल: नंतर करायचं म्हटलं तरी दोनच होतात.

वहिनी इतका वेळ शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांच्या शरीराविषयी चाललेल्या चर्चेत त्यांना अजून एकही प्रश्न विचारला गेला नव्हता, हे माझ्याही उशिरानं लक्षात आलं.

वहिनी: मावशी, मी डावखुरी आहे. फळ्यावर वरपर्यंत लिहिता यायला किती दिवस लागतील?

दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

मावशी: ड्रेन निघाल्यावर भिंतीवर बोटं चढवायची, रोज थोडी वर. कंटाळा केला नाही तर दीड-दोन महिन्यांत हात वर जातो. काखेतल्या गाठी काढल्यात म्हटल्यावर हात सुजू नये म्हणून जपावं लागेल, ते कायमचं. आणि शेक चालू असताना खांदा आखडतो, तेव्हा व्यायाम दुपटीनं.

मीनल: असं असेल तर पाठीचा स्नायू वळवून पुढं आणायची पद्धत तुमच्यासाठी बाद. तो स्नायू खांद्याच्या कामाचा असतो. हे मला आधी माहीत असायला हवं होतं.

वहिनी: आणि नववीची पोरं सगळं बघतात. लिहिताना हात वर केला की आत भरलेलं वर सरकतं, असं आमच्या शाळेतल्या एक मॅडम सांगत होत्या. त्या साडीचे तुकडे भरायच्या.

मावशी: सरकणारच. तुकड्यांना वजन नसतं. ब्रेसियरला आतून खिसा शिवून घ्यायचा. टाके ओले आहेत तोवर सुती दोऱ्याचं विणलेलं मिळतं ते हलकं घालायचं. जखम पूर्ण भरली की सिलिकॉनचं. ते जड असतं, जागेवर राहतं, खांदाही एका बाजूला कलत नाही.

वहिनी: मग मला आत्ता एवढंच हवंय. पण पुढचं दार बंद करू नका.

मीनल: दार बंद करणाऱ्या गोष्टी मला माहीत आहेत, वहिनी. चीर कुठं घ्यायची हे कर्करोगाचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन मिळून ठरवू देत. पुढं पोटाचं मांस वापरायचं असेल तर मध्ये पोटाचं दुसरं कुठलंही ऑपरेशन करण्याआधी प्लास्टिक सर्जनना विचारा. आणि काखेकडं कातडीची लोंबती घडी ठेवू नका म्हणावं.

ती घडी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पुनर्रचना नको असलेल्या अनेक स्त्रियांची तक्रार हीच असते की, ‘पुढंमागं लागेल’ म्हणून त्यांना न विचारता जादा कातडी ठेवली गेली आणि ती आयुष्यभर हाताखाली घासत राहिली. छाती नीट, सपाट शिवून देणं हीसुद्धा एक रीतसर शस्त्रक्रिया आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं तिला आपल्या शब्दकोशात जागा दिली ती थेट २०२० मध्ये. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा स्तन १९७८ मध्ये काढला. कृत्रिम स्तन न लावता त्या तपासणीला गेल्या तेव्हा तिथल्या नर्सनं, इतरांच्या मनोधैर्यासाठी तरी लावून येत जा, असं सुचवलं. त्यांनी १९८० मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. पुनर्रचनेचा आग्रहही कधीकधी बाईपेक्षा तिच्याकडं बघणाऱ्यांच्या सोयीसाठी असतो, हे मीनललाही ऐकवायला हवं होतं, ते राहून गेलं.

मावशी: पैशाचं बोल आता. मेडिक्लेमवाले देतात का? आमच्याकडं तर टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्यांच्या, खिडकीवर ‘कॉस्मेटिक आहे’ म्हणून परत पाठवायचे.

मीनल: पॉलिसी उघडून बघायची. न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत प्लास्टिक सर्जरीचं कलम असतं, एक्सक्लुजन ०८. विमा नियामकानं त्याचे शब्द सगळ्या कंपन्यांना सारखेच ठरवून दिलेत. त्यातच अपवाद आहे: अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना वगळून. कलमावर बोट ठेवून दाखवायचं. अमेरिकेत तर १९९८ पासून कायदाच आहे की स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्यानं पुनर्रचनेचाही द्यायचा.

मावशी: मग त्यातही माझंच खरं. पाच लाखांची पॉलिसी ऑपरेशन, केमो आणि शेकातच संपते. नंतर केलं तर नवं वर्ष, नवी रक्कम.

मीनल: हप्ता भरायचं विसरलं नाही तर.

इम्प्लांटचा इतिहासही निघाला, पण ओझरता. पहिला सिलिकॉन इम्प्लांट १९६२ मध्ये ह्यूस्टनला बसवला गेला. सुरक्षिततेच्या शंकांमुळे १९९२ ते २००६ अमेरिकेत त्यांच्यावर कडक निर्बंध होते. २०१९ मध्ये खरबरीत पृष्ठभागाचे काही इम्प्लांट एका दुर्मीळ लिम्फोमामुळे जगभरातून परत मागवले गेले. गुळगुळीत असो वा खरबरीत, कुठलाच इम्प्लांट जन्मभराचा नसतो. चाळिशीत बसवला तर तो पुन्हा बदलायची वेळ येऊ शकते, हे बाईला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

वहिनींनी लगेच करून घेतलं नाही. ऑपरेशन झालं, रिपोर्टमध्ये काखेतल्या पाच गाठींत आजार निघाला, केमो आणि शेक दोन्ही ठरले. त्यांच्या बाबतीत मावशीचं बरोबर होतं, असं माझं मत आहे. पण काखेत काही नसतं, किंवा आनुवंशिक दोषामुळे आजार व्हायच्या आधीच स्तन काढायचा असता, तर मी डोळे मिटून मीनलच्या बाजूनं उभा राहिलो असतो. तिथं थांबायला वैद्यकीय कारणच नसतं, आणि तरीही आपल्याकडे सवयीनं थांबवलं जातं.

वहिनींच्या फाइलीत मीनलनं ऑपरेशनच्या आधीच एक पान लावून घेतलं: शेक संपल्यापासून सहा महिन्यांनी प्लास्टिक सर्जरीची ओपीडी, खाली तारखेची जागा. शेक संपला त्या दिवशी वहिनींनी ती तारीख भरून घेतली. त्या तारखेला ‘नको’ म्हणायची त्यांना मोकळीक आहे.

तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली तर स्तन काढण्याच्या आधी, नंतर नव्हे, एकदा प्लास्टिक सर्जनना भेटा. शेक लागण्याची शक्यता किती, हे कर्करोगाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मिश्री, तपकीर काहीही असेल तर सांगा, मागं ठेवू नका. तिला रोज हातानं काय काम करावं लागतं, तेही सांगा. पुनर्रचना नको असेल तर छाती नीट शिवून द्या, असं तोंडानं म्हणा. आणि कुणी ‘ते नंतर बघू’ म्हणालं, तर केव्हा ते फाइलीवर लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.